न घेतलेल्या जमिनीचा मोबदला

नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा त्याचा खर्च ६,७०८ कोटी रुपये धरण्यात आला होता. मिहानपासून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत १८.५ किलोमीटर, ऑटोमोटिव्ह चौकापासून कन्हान नदीपर्यंत १३, लोकमान्यनगरापासून हिंगण्यापर्यंत ६.७ आणि प्रजापतीनगरापासून कापसीच्या ट्रान्सपोर्टनगरापर्यंत ५.६, अशी एकूण ४३.८ किलोमीटरची ही वाढ आहे. या ६,७०८ कोटींत सिमेंट आहे, पोलाद आहे, डबे आहेत, सिग्नल आहेत आणि जी जमीन प्रत्यक्ष ताब्यात घ्यावी लागेल तिची किंमतही आहे. पण मार्गालगतची जी जमीन कोणी घेणार नाही, जिची आखीव पत्रिका किंवा सातबारा जसाच्या तसा राहील आणि तरीही जिचा उपयोग, शांतता किंवा सावली कमी होईल, तिचा हिशेब या रकमेत कुठे आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. हे नुकसान होतेच आणि ते कोणीतरी सोसतेच. ते कोणाच्या वहीत लिहिले जात नाही, एवढेच.

मी मेट्रोच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. दुचाकींवर चालणाऱ्या या शहराला रुळांवरच्या सार्वजनिक वाहतुकीची गरज आहे आणि बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या कामगाराला भर मे महिन्यात स्कूटरऐवजी गाडीत बसून जाता आले, तर त्याहून चांगले काय! मार्च २०१९ मध्ये सीताबर्डी ते खापरी ही पहिली सेवा सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या टप्प्याच्या उरलेल्या दोन बाजूही खुल्या झाल्या. त्यानंतर या गाडीवर विसंबून आपला दिवस आखणारे विद्यार्थी आणि नोकरदार मी रोज पाहतो. एवढ्या चांगल्या कामाची किंमत मोजताना आपण काही माणसांना आणि काही गोष्टींना मोजणीतूनच वगळतो, याचे दुःख म्हणूनच अधिक होते.

मोजणीची रेषा कायदा आखतो आणि ती संपादनापाशी आखतो. जमीन घेतली गेली तर २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याप्रमाणे बाजारमूल्य, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम आणि पुनर्वसनाचे हक्क मिळतात. त्या कायद्यातली बाधित कुटुंबाची व्याख्या तर चांगलीच उदार आहे. मालकासोबत भाडेकरू, कारागीर, आणि संपादनापूर्वी तीन वर्षे ज्यांची मुख्य उपजीविका त्या जागेवर अवलंबून होती ती कुटुंबे, हे सगळे तिच्यात येतात. परंतु या सगळ्यांची सुरुवात संपादन या एकाच घटनेने होते. उन्नत मार्ग बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या मधोमध उभा राहतो. रस्ता आधीपासूनच सरकारचा असतो आणि खांब दुभाजकात येतो. मग दोन्ही बाजूंची शंभर दुकाने दोन-तीन वर्षे पत्र्यांच्या आड गेली, तरी कायद्याच्या दृष्टीने तिथे कोणाचेच काही गेलेले नसते. ज्याच्या अंगणाचा तीन फुटांचा पट्टा स्थानकाच्या जिन्यासाठी घेतला, त्याला उरलेल्या मालमत्तेच्या हानीचाही दावा करता येतो. त्याच्या शेजाऱ्याचा एक फूटही घेतला नाही म्हणून, गर्डर दोघांच्या खिडकीपासून सारख्याच अंतरावर असला तरी, त्याला काहीच मागता येत नाही.

याच कायद्यातली सामाजिक परिणाम निर्धारणाची पायरी मेट्रोच्या बाबतीत गाळता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मेट्रो रेल्वेच्या बांधकामासाठी असलेला १९७८ चा अधिनियम २०१३ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत नोंदलेला आहे. त्याखाली होणाऱ्या संपादनाला मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी लागू होतात, पण कोणाकोणावर काय परिणाम होईल याचा आधी अभ्यास करून लोकांची सुनावणी घ्यावी, हे बंधन लागू होत नाही. थेट खरेदीने जमीन घेतली तर वाटाघाटी मालकाशीच होतात आणि त्याच इमारतीत पंधरा वर्षे घड्याळे दुरुस्त करणारा भाडेकरू त्या टेबलाजवळ बसलेला नसतो.

पर्यावरणाच्या बाबतीतही रेषा अशीच विचित्र जागी पडली आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या अनुसूचीत महामार्ग आहेत, विमानतळ आहेत, वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या इमारतीही आहेत. रेल्वे आणि मेट्रो मात्र नाहीत. म्हणजे एका मोठ्या गृहसंकुलाला पूर्वपरवानगी लागते, आणि शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा, शेकडो खांबांचा, नाले आणि तलावाचा काठ ओलांडणारा मार्ग या अधिसूचनेखाली त्या परवानगीशिवाय उभा राहू शकतो. अभ्यास होतच नाहीत असे माझे म्हणणे नाही. नागपूरच्या पहिल्या टप्प्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या संस्थांचे कर्ज होते आणि असे कर्ज देणाऱ्या संस्था पर्यावरणाचे व पुनर्वसनाचे अहवाल मागतातच. त्यांच्या अटींमध्ये मालकी हक्क नसलेल्या, पण उपजीविका बुडणाऱ्या माणसाचीही दखल सहसा घेतली जाते. पण आपल्या पानठेलेवाल्याची दखल घेण्याचे बंधन आपल्या विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या कायद्यापेक्षा परदेशी कर्जाच्या करारातून अधिक स्पष्टपणे यावे, ही गोष्ट मला टोचते. कर्जाचा करार ऋणको आणि धनको यांच्यात असतो. त्यातली अट मोडली तर कामठी रस्त्यावरचा नागरिक ती घेऊन आपल्या न्यायालयात कितपत उभा राहू शकेल?

झाडांचे उदाहरण घेतले म्हणजे ही मोजणी कशी फसते ते नीट दिसते. महाराष्ट्रात झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके तितकी नवी झाडे, किमान सहा फूट उंचीची, लावून सात वर्षे जगवण्याची अट घातली. कागदावर ही सुधारणा मोठी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. पण झाडे लावायची कुठे? ज्या रस्त्यावरून ती गेली तिथे खांब आणि सेवावाहिन्या आलेल्या असतात, म्हणून ती शहराच्या कडेला, एखाद्या मोकळ्या सरकारी जागेवर जातात. अंबाझरीजवळ मेट्रोने लिटिल वूड या नावाने फुलवलेली वनराई चांगली आहे. तिथे पक्षी येतात, सकाळी माणसे फिरायला जातात. तरीसुद्धा ज्या फळवाल्याच्या हातगाडीवरचा कडुनिंब गेला, त्याला त्या वनराईचा काडीचाही उपयोग नाही. पारा ज्या शहरात ४७ अंशांपलीकडे गेलेला आहे, तिथे रस्त्यावरची सावली ही शोभेची वस्तू नसते. पायी चालणाऱ्याचे, बसथांब्यावर उभे राहणाऱ्याचे आणि दिवसभर उघड्यावर धंदा करणाऱ्याचे ते छप्पर असते. झाडाच्या बदल्यात झाड मोजले जाते आणि सावलीच्या बदल्यात सावली मोजली जात नाही. वर्धा मार्गावर उभ्या दुपारी चालून पाहावे. उन्नत मार्गाची सावली पडते, ती नेमकी वाहनांवर पडते.

सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांच्या प्रकरणात नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये एका झाडाचे मूल्य वर्षाला ७४,५०० रुपये, असे त्याच्या वयाने गुणून काढण्याची पद्धत सुचवली होती. तो आकडा बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो आणि व्हावाही. पण तो आकडा आराखड्याच्या तक्त्यात बसवला असता तर वळण थोडे बदलून, खांबांमधले अंतर वाढवून किंवा जिना पलीकडच्या बाजूला नेऊन किती जुनी झाडे वाचवणे स्वस्त पडले असते, हे निदान कोणीतरी तपासले असते. आज झाड वाचवणे हा आराखडा ठरल्यानंतरचा विनवणीचा विषय आहे. मुंबईत आरेमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन-तीन दिवसांत दोन हजारांहून अधिक झाडे पडली आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने जैसे थे आदेश दिला. नागपुरात अजनीच्या नियोजित इंटरमोडल स्थानकापायी जाणाऱ्या झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले, तेही योजना जाहीर झाल्यानंतरच. इतक्या उशिरा झालेल्या वादातून कटुतेशिवाय कोणाच्याच हाती काही लागत नाही.

पाण्याचा विषय मला याहूनही गंभीर वाटतो. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांकडून येणारी नाग नदी अंबाझरी तलावातून पुढे शहरात शिरते आणि लोकमान्यनगरचा मेट्रो मार्ग सुभाषनगर ते धरमपेठ महाविद्यालय यांच्या दरम्यान याच तलावाच्या कडेने जातो. २२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या मधल्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत झोपलेल्या माणसांच्या खाटांपर्यंत पाणी आले. त्या पुराचे खापर मेट्रोवर फोडण्याचा माझा हेतू नाही. तसा निष्कर्ष काढण्यासाठी लागणारा आधार माझ्याजवळ नाही. मात्र त्या रात्रीनंतर जो प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, त्याचा गाभा असा होता की प्रवाहाच्या वाटेत गेल्या अनेक वर्षांत ज्या-ज्या यंत्रणेने जे-जे बांधले, त्या सगळ्याचा मिळून काय परिणाम होतो हे पाहणारी यंत्रणा कोणती. रस्त्याचा अभियंता आपला रस्ता पाहतो, पुलाचा अभियंता आपला पूल पाहतो, मेट्रोचा अभियंता आपला खांब पाहतो, आणि प्रत्येकाचे स्वतःपुरते गणित बरोबरही असू शकते. पाणी मात्र सगळ्यांची बेरीज करत येते.

दुसऱ्या टप्प्यात मार्ग कन्हानपर्यंत जाणार आहे, हिंगण्याकडे जाणार आहे. शहराच्या या कडांवर अजूनही ओढे उघडे आहेत, शेते आहेत, गावठाणे आहेत आणि पूर्व विदर्भातच आढळणारा झुडपी जंगल नावाचा जमिनीचा प्रकार आहे, ज्याला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वनजमीन मानले. अशा ठिकाणी मार्गाबरोबर लेआउट, म्हणजे भूखंड पाडून वसवलेल्या वसाहती, येतात, आणि लेआउटबरोबर ओढ्याची नाली होते. मेट्रोचे स्वतःचे खांब ओढ्यात किती येतील, यापेक्षा स्थानकाभोवती पाच-दहा वर्षांत उभ्या राहणाऱ्या वस्तीचे पावसाचे पाणी कुठे जाईल, हा प्रश्न मोठा आहे. आणि तो मेट्रोच्या अहवालात सहसा नसतो, कारण ती वस्ती मेट्रो बांधत नाही.

आता मालमत्तेकडे येतो. मेट्रोमुळे भाव वाढतात असे सर्रास म्हटले जाते आणि ते सरासरीने खरे असावे. पण सरासरीच्या आत काय घडते ते पाहिले पाहिजे. स्थानकापासून चारशे मीटरवर, आतल्या शांत गल्लीत असलेल्या घराला गाडीची सोय मिळते आणि आवाज मिळत नाही. मार्गाला लागूनच असलेल्या, पण दोन स्थानकांच्या मधोमध आलेल्या घराला आवाज मिळतो, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतली आडोशाची जागा जाते, आणि गाडी पकडायला त्याला कदाचित त्या चारशे मीटरवाल्यापेक्षाही लांब चालावे लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वर्धा मार्ग, कामठी मार्ग किंवा सेंट्रल अव्हेन्यू यांवर ती मेट्रोच्या आधीही पाळली जात नव्हती, हे मान्य. परंतु आवाज आधीच जास्त होता म्हणून त्यात आणखी भर टाकण्याचा हिशेबच नको, असे त्यावरून म्हणता येत नाही. उलट अशा रस्त्यावर नवी भर किती पडली हे मोजणे अधिक गरजेचे ठरते.

भेगांचा प्रश्न खास आपल्या मातीचा आहे. नागपूरच्या पश्चिम भागाखाली बेसॉल्ट आहे, पूर्वेकडे जुना पट्टिताश्म आहे आणि वर ठिकठिकाणी काळी माती आहे, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. उथळ पायावरच्या जुन्या घरांना मेट्रो नसतानाही भेगा पडतात. म्हणून खांबाच्या पायासाठी खडकात छिद्रण सुरू असताना घरमालक म्हणतो की भेग कामामुळे पडली आणि कंत्राटदार म्हणतो की ती जुनीच आहे, तेव्हा दोघेही प्रामाणिक असू शकतात. हा वाद मिटवण्याचा उपाय साधा आणि स्वस्त आहे. काम सुरू होण्यापूर्वी मार्गालगतच्या प्रत्येक इमारतीची आतून-बाहेरून छायाचित्रांसह पाहणी करायची, भेगांची रुंदी नोंदवायची, आणि त्या अहवालाची सही-शिक्क्याची प्रत मराठीत मालकाला तसेच भाडेकरूला द्यायची. प्रत हातात असली की पुरावा दोघांकडे सारखा राहतो. ती केवळ कंत्राटदाराच्या कपाटात असेल तर त्या पाहणीने घरमालकाचे काहीच संरक्षण होत नाही.

व्यवसायाचे नुकसान भेगांपेक्षा अवघड आहे, कारण ते दिसत नाही. रस्त्यात पत्रे लागले, गाडी उभी करायला जागा राहिली नाही, वळण बंद झाले की हार्डवेअरचे किंवा गादी-सतरंजीचे दुकान, जिथे माणूस वाहन घेऊनच येतो, पहिल्या महिन्यापासून मार खाते. त्याचे भाडे चालूच राहते, नोकरांचे पगार चालूच राहतात. यावर नेहमीचे उत्तर असे दिले जाते की आज त्रास झाला तरी उद्या याच दुकानांना मेट्रोचा फायदा होणार आहे. या उत्तरात एक मोठी चूक आहे. त्रास सोसणारा आणि फायदा घेणारा बहुतेक वेळा एकच माणूस नसतो. तीन वर्षे तोटा सोसणारा असतो भाडेकरू दुकानदार. मेट्रो सुरू झाल्यावर वाढलेले भाडे घेणारा असतो मालक, आणि तोपर्यंत तो भाडेकरू कदाचित दुकान सोडून गेलेलाही असतो. फेरीवाल्यांची स्थिती त्याहून नाजूक आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना हलवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस देणे बंधनकारक केले आहे, पण ज्याच्याकडे प्रमाणपत्रच नाही त्याला नोटीस कोण बजावणार?

अशा प्रत्येकाला पैसे द्यायचे म्हटले तर एकही सार्वजनिक काम पुरे होणार नाही, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. मर्यादा घालावीच लागेल. पण मर्यादा घालून असा मोबदला देता येतो, याचा दाखला उपलब्ध आहे. ब्रिटनच्या १९७३ च्या लँड कम्पेन्सेशन ॲक्टमध्ये, ज्याची जमीन मुळीच घेतलेली नाही अशा शेजाऱ्यालाही, नव्या रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या वापरामुळे आवाज, कंप, धूर, वास, कृत्रिम प्रकाश अशा ठरावीक भौतिक कारणांनी मालमत्तेचे मूल्य घटले असेल तर दावा करता येतो. दावा काम वापरात आल्यावर वर्षभराने करायचा असतो, म्हणजे भीतीपोटी केलेले दावे आपोआप गळतात. मूल्य वाढलेही असेल तर ती वाढ वजा केली जाते. कारणांची यादी बंद आहे, दृश्य बिघडले म्हणून पैसे मागता येत नाहीत. या पद्धतीची जशीच्या तशी नक्कल करावी असे मी म्हणत नाही. आपल्याकडे भाडेकरूचा आणि बांधकामकाळातल्या धंद्याचा वेगळा विचार करावा लागेल, आणि त्यासाठी वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे किंवा दुकान नोंदणीचा दाखला यांसारखा ढोबळ आधार धरून ठरावीक दराने मासिक मदत देणे हे दाव्यांच्या जंजाळापेक्षा बरे.

पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर तर शासनाने स्वतःच आधी दिलेले आहे. १ एप्रिल २०२२ पासून नागपुरात, मुंबई, पुणे आणि ठाण्याप्रमाणेच, मालमत्तेच्या खरेदीवर मेट्रोसाठी एक टक्का अधिभार घेतला जातो. तो नारी रोडवर दोन खोल्यांचे घर घेणाऱ्यालाही भरावा लागतो, आणि मेट्रो ज्याच्या दारापासून कित्येक किलोमीटर दूर आहे त्यालाही. शिवाय मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरच्या पट्ट्यात अधिमूल्य भरून चारपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, वापरण्याची मुभा २०१७ पासून आहे. मोठा भूखंड आणि रुंद रस्ता असलेल्यालाच ती पुरतेपणी वापरता येते. म्हणजे मेट्रोमुळे जे मूल्य वाढते त्यात शासन वाटेकरी झाले आहे, आणि ते योग्यच आहे. ज्या मार्गामुळे वाढलेल्या मूल्याचा वाटा आपण हक्काने घेतो, त्याच मार्गामुळे घटलेल्या मूल्याची जबाबदारी मात्र घेत नाही, ही विसंगती मला मान्य होत नाही. या अधिभाराचा आणि अधिमूल्याचा एक ठरावीक हिस्सा त्याच मार्गावरच्या बाधितांसाठी आणि त्याच रस्त्यावरच्या सावलीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे.

जाता जाता छत्रपतीनगरच्या उड्डाणपुलाची आठवण काढतो. वर्धा मार्गावरचा तो धडधाकट पूल २०१६ मध्ये पाडला गेला, कारण त्याच जागेतून उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो असा दुमजली मार्ग न्यायचा होता. तो दुमजली मार्ग आज उपयोगी आहे यात शंका नाही. पण सिमेंट बनवताना आणि पोलाद वितळवताना हवेत गेलेला कार्बन पूल पाडल्याने परत येत नाही, आणि मेट्रोच्या पर्यावरणीय लाभाचे गणित मांडताना तो राडारोडा वजाबाकीच्या रकान्यात घालायला हवा. मेट्रोने ६५ टक्के वीज सूर्यापासून घेण्याचे उद्दिष्ट ठेवले, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही बांधकामात खर्ची पडलेला कार्बन भरून निघायचा तो दुचाकीवरून उतरून गाडीत बसणाऱ्या प्रवाशांमुळेच, आणि ते प्रवासी स्थानकापर्यंत सावलीतून, सलग पदपथावरून, वेळेवर येणाऱ्या ‘आपली बस’ या शहर बससेवेतून पोहोचू शकले तरच मिळतील. तुटलेल्या झाडाचा आणि रिकाम्या डब्याचा संबंध असा अगदी जवळचा आहे.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी कायदा बदलावा लागेल आणि त्याला वेळ लागेल. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेच्या अनुसूचीत मेट्रोचा समावेश करणे केंद्राच्या हाती आहे, शेजाऱ्याच्या मोबदल्याचा कायदा राज्यालाही करता येईल. परंतु एक काम कोणत्याही दुरुस्तीवाचून आत्ताच करता येण्यासारखे आहे. कन्हानच्या, हिंगण्याच्या, कापसीच्या आणि बुटीबोरीच्या मार्गालगत आज रात्री आवाज किती आहे, विहिरींची पातळी काय आहे, कोणत्या भिंतीला किती भेग आहे, कोणत्या दुकानात किती माणसे काम करतात आणि दुपारी बारा वाजता रस्त्याच्या कोणत्या बाजूला किती सावली पडते, याची नोंद गाडी धावण्याच्या आधी झाली पाहिजे आणि ती ग्रामपंचायतीच्या व महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाच्या फलकावर मराठीत लागली पाहिजे. ही मोजणी गाडी सुरू झाल्यावर कितीही पैसे खर्चून करता येणार नाही. जिथे अजून पत्रे लागलेले नाहीत तिथे ती या महिन्यापासून सुरू होऊ शकते.